वीज नव्हे, वारा

वादळात विमान उतरवण्याच्या धोक्यांवरच्या लेखात सगळा भर आकाशातून पडणाऱ्या विजेवर दिलाय. पण वीज विमानं सहसा पचवतात; उतरताना घात करतो तो वारा. २ ऑगस्ट १९८५चा अमेरिकेतल्या डॅलसचा, डेल्टा एअरलाइन्सच्या फ्लाइट १९१चा अपघात आठवा. धावपट्टीच्या अलीकडेच ढगातून हवेचा लोट खाली आदळून चहूबाजूंना फाकत होता (मायक्रोबर्स्ट म्हणतात तो). विमान त्यात शिरताच समोरून वारा मिळाला, हवेच्या तुलनेत वेग आपसूक वाढला. फसगत इथेच! लगेच वरून दाब, मग पाठीमागून वारा, आणि पंखांचा आधारच गेला. महामार्गावरच्या मोटारीला धडकून विमान पाण्याच्या टाक्यांवर आदळलं. १३७ जण गेले, त्यात तो मोटारवालाही. आणि त्याच्या पुढे उतरणारं लिअरजेट हे छोटं जेट विमान? त्याच पावसातून नुकतंच सुखरूप उतरलं होतं.