मामाजी, माइक सोडा ना बाप्पा!

काल रात्री नागपुरात वर्धा रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शन होतं. नवरीचे मामा माइक घेऊन उभे राहिले ते २२ मिनिटं बोलूनच राहिले. जावयाचं पॅकेज, स्वतःची नोकरी, आलेल्या पाहुण्यांची यादी, मग फिरून पॅकेज. पाकिटं घेतलेली रांग स्टेजखाली ताटकळली, जिलबी गार झाली, पण मामांना थांबवणार कोण? नवरीच्या आईचा सख्खा भाऊ!

लग्नातलं भाषण तीन मिनिटांचं असतं. सावकाश, थांबत बोललं तर मराठीत मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द जातात. म्हणजे तीनशे शब्द, वहीची दोन पानं. घरी मोठ्यानं वाचा, मोबाइलवर वेळ लावा आणि अडीच मिनिटांतच संपवा. उरलेला अर्धा मिनिट हशा, टाळ्या आणि दाटलेला गळा खातोच.

आणि त्यात काय सांगायचं? एक प्रसंग. एकच! "मनमिळाऊ, संस्कारी, हुशार" हे बायोडाट्यात छापून झालं, ते वाचूनच तर स्थळ आलं. मामांनी पहिल्याच मिनिटात हे तिन्ही शब्द वापरले आणि मागच्या खुर्च्यांवरचे लोक मोबाइलमध्ये शिरले. प्रसंगात जागा हवी, वेळ हवी, माणसाच्या हातात काहीतरी हवं. तो झाला की जावयाबद्दल किंवा सुनेबद्दल डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट, मग व्याही-विहिणींकडे वळून दोन वाक्यं, मग आशीर्वाद. आभाराची यादी नको, कारण त्यात एक काका हमखास राहतात आणि पुढची दहा वर्षं ते बोलत नाहीत.

जुनं प्रकरण, रंग, वजन, आधी नाकारलेली स्थळं, देणंघेणं यातलं काहीही गमतीतसुद्धा नको. मित्रांना जो किस्सा भारी वाटतो तो नवरदेवाच्या आजीसमोर चालेल का, एवढंच विचारायचं. आणि ते "आमची पोर तुमच्या पदरात टाकली"! टाकली म्हणजे? ती काय बुधवारच्या बाजारातली मेथीची जुडी आहे?

"आपल्याकडे भाषणाची पद्धतच नाही, हे विदेशी खूळ" असं म्हणणारे येतीलच. रिसेप्शनचं भाषण नवं आहे, बरं, मान्य. पण लग्नात बोलणं नवं नाही. पहिलं सत्यशोधक लग्न, म्हणजे भटजीशिवायचं, लागलं २५ डिसेंबर १८७३ ला, आणि त्या पद्धतीत जोतीराव फुल्यांच्या मंगलाष्टकांतून नवरा-नवरी स्वतः एकमेकांशी बोलतात. आपल्या नागपुरात बौद्ध पद्धतीच्या लग्नात वडीलधारे उभे राहून मंगलकामना देतात, ते कोणाकडून उसनं आणलेलं नाही.

नेहमीच्या मंगलाष्टकांकडेच पहा ना. शार्दूलविक्रीडित वृत्त, ओळीत १९ अक्षरं, बाराव्या अक्षराला थांबा, आणि प्रत्येक कडवं "कुर्यात् सदा मंगलम्"वर येऊन टेकतं. अक्षता कधी टाकायच्या हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. भाषणाची शेवटची ओळ अशी पाहिजे, आधी ठरवलेली, पाठ केलेली. मामांना शेवट सापडतच नव्हता. "आणखी एक सांगतो" चार वेळा झालं, लोकांनी दोनदा टाळ्या वाजवून पाहिल्या.

माइकचं तर विचारूच नका. तोंडापासून चार बोटं, हनुवटीच्या जरा खाली. जाळी मुठीत धरली की आवाज घुसमटतो आणि शिट्टी वाजते, स्पीकरच्या पुढ्यात गेलं तरी वाजते. टकटक करायची नाही, फुंकायचं नाही. डीजेवाल्याला आधीच गाठून सांगा की गाणं बारीक नको, पूर्ण बंद. वेळ जेवणाआधीची, जोडपं स्टेजवर बसल्याबरोबर, रांग लागायच्या आत. काउंटर उघडले की संपलं.

आणि मे महिन्यातलं नागपूर असेल तर कूलर! लॉनवरचे ते दाराएवढे कूलर स्टेजकडे तोंड करून ठेवतात. वारा माइकमध्ये भसाभसा शिरतो, अर्धे शब्द जातात. बोलण्यापुरता बाजूला वळवायला सांगा. मजकूर पत्रिकेसारख्या जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. मोबाइलवरून वाचू नका, ऐन वेळी स्क्रीन काळी होते.

मामांचा कागद साधा होता, वहीतून फाडलेला. विसाव्या मिनिटाला कूलरच्या झोतानं तो उडाला. मामा गप्प. माइक हातात, नजर भाचीकडे. मग म्हणाले, "हिचे बाबा मेडिकल हॉस्पिटलला भरती होते तेव्हा ही नववीत होती. रोज संध्याकाळी सायकलवर डबा घेऊन यायची. एकदा पावसात पडली, गुडघा फुटला, पण डबा सांडला नव्हता. जावईबापू, आता तुम्ही दोघं मिळून धरा तो."

चाळीस सेकंद असतील. माइकही नीट धरला होता, कसा कोण जाणे. रांगेतल्या बाया पदर डोळ्याला लावून राहिल्या, डीजेवाल्या पोरानंही मान खाली घातली.

म्हणजे येत होतं की हो मामांना! मग आधीची वीस मिनिटं काहून?

कागद तिकडे मठ्ठ्याच्या काउंटरखाली पडून होता. कोणी उचलला नाही.