त्या १,०९० सैनिकांचं झालं काय?

आमच्या सोसायटीत ज्येष्ठांसाठी फ्लूच्या लशीचं शिबिर ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर तो फोटो आला. मोठा हॉल, खाटांच्या रांगाच रांगा, पांघरुणात गुरफटलेले सैनिक. खालचा लांबलचक मजकूर थोडक्यात असा: १९१८ चा स्पॅनिश फ्लू हा फ्लू नव्हताच, अमेरिकेच्या लष्करी छावणीत रॉकफेलर संस्थेने सैनिकांवर लशीचा प्रयोग केला, त्यातून ही साथ पसरली, आणि इस्पितळाच्या नोंदीच त्याचा पुरावा आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खाली 'विचार करा' असं लिहून शिबिराच्या यादीतून नाव मागे घेतलं. काका, विचार केला. तो हा.

पहिला मुद्दा, प्रयोग झाला का? झाला. फोटोही खरा आहे, कॅन्सस राज्यातल्या कॅम्प फन्स्टनच्या तात्पुरत्या इस्पितळाचा. १९१७ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या छावणीत मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, साथ आली. म्हणून रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या फ्रेडरिक गेट्स यांनी जानेवारी ते जून १९१८ या काळात शेजारच्या फोर्ट रायलीच्या बेस हॉस्पिटलातून, स्वतःहून पुढे आलेल्या सैनिकांना त्या रोगावरची लस टोचली. अहवाल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 'दडवलेलं सत्य' म्हणतात ते हेच! लशीत होते त्याच रोगाचे, पण मारलेले, मेनिंगोकॉकस जिवाणू. मेलेला जिवाणू दंड दुखवेल, एखाद्याला ताप आणेल, पण खोकल्यातून दुसऱ्याच्या नाकात शिरून तिथे वाढणार नाही. फ्लू मात्र नेमका तसाच पसरत होता.

मग ते गायब सैनिक. अहवालात पहिला डोस ४,७९२ जणांनी घेतला, तिन्ही डोस घेतले ३,७०२ जणांनी. वजाबाकी १,०९०. मजकूर इथे आवाज खाली आणून विचारतो, 'हे कुठे गेले?' अहो, ती प्रशिक्षण छावणी होती, वृद्धाश्रम नव्हे. माणसं तयार व्हायची आणि पुढे रवाना व्हायची. फन्स्टनमध्ये तयार झालेली ८९ वी डिव्हिजन त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात युरोपात पोचली. मार्चमध्ये त्या छावणीत फ्लूने हजारावर माणसं इस्पितळात आली, त्यातली दगावली ती पन्नासच्या आत. आपल्याकडे पोलिओचा पुढचा डोस चुकलेली सगळी मुलं मेली असं कोणी धरत नाही. इथे धरलं, कारण आकडा इंग्रजी कागदावरचा होता.

'मेलेल्यांच्या फुप्फुसात जिवाणू सापडले, म्हणून विषाणू खोटा.' या मुद्द्यापाशी थांबायला हवं, कारण त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. १९१८ चे बहुतेक मृत्यू नंतर झालेल्या जिवाणूजन्य न्यूमोनियाने झाले, हे संशोधकांनीच २००८ मध्ये जुने नमुने तपासून सांगितलं. पण ते जिवाणू मुख्यतः न्यूमोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, स्टॅफिलोकॉकस. माणसाच्या नाकाघशात एरवीही वस्तीला असणारे. गेट्सच्या लशीतला मेनिंगोकॉकस नव्हे. विषाणूने श्वासनलिकेचं अस्तर खरवडून काढलं की हे आत घुसतात.

आणि याचा सर्वांत चोख पुरावा लष्करी छावणीच्याच इस्पितळातला आहे, फक्त फन्स्टनचा नाही. दक्षिण कॅरोलिनातल्या कॅम्प जॅक्सनमध्ये २१ वर्षांचा एक सैनिक २० सप्टेंबर १९१८ ला दाखल झाला आणि २६ ला वारला. शवविच्छेदन झालं, फुप्फुसाचे तुकडे फॉर्मलीनमध्ये, मग मेणाच्या ठोकळ्यात गेले आणि लष्कराच्या पॅथॉलॉजी संस्थेत जवळजवळ ऐंशी वर्षं पडून राहिले. जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने ते उघडले. डाव्या फुप्फुसात जीवघेणा जिवाणूजन्य न्यूमोनिया. उजवं मात्र मागे राहिलेलं, तिथे आजार अजून पहिल्या पायरीवर, आणि तिथेच इन्फ्लुएन्झा विषाणूचे जनुकीय तुकडे सापडले. हे १९९७ साली प्रसिद्ध झालं. २००५ पर्यंत त्याचा पूर्ण जनुकक्रम हाती आला: एच-वन-एन-वन, फ्लूच्याच विषाणूचा एक प्रकार. २००८ मध्ये १९१८ पाहिलेल्या ३२ वृद्धांचं रक्त तपासलं, वयं ९१ ते १०१. सगळ्यांच्या रक्तात नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूला निकामी करणारी प्रतिपिंडं होती.

याच घराण्यातला विषाणू २००९ च्या ऑगस्टात पुण्यात आला होता, तेव्हा आपण सगळे तोंडाला रुमाल बांधून फिरत होतो. काकासुद्धा.

'लस टोचली तिथेच माणसं मेली', हा दावा नकाशा उघडला की संपतो. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या वस्तीत ऐंशीपैकी ७२ माणसं नोव्हेंबर १९१८ मध्ये पाच दिवसांत गेली. तिथे कुठली आलीय लष्कराची सुई? प्रशांत महासागरातल्या पश्चिम सामोआ बेटांवर न्यूझीलंडचा ताबा. एक जहाज धक्क्याला लागलं आणि पाचातला एक माणूस गेला. शेजारचं अमेरिकन सामोआ अमेरिकी नौदलाच्या हातात. तिथल्या गव्हर्नरने जहाजं अडवली आणि एकही मृत्यू झाला नाही. दोष अमेरिकी लशीचा असता तर हिशेब उलटा व्हायला हवा होता. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं गेली, त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त. मुंबई इलाख्यातल्या खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या त्या बायकांना फन्स्टनच्या छावणीतली लस द्यायला कोण गेलं होतं?

राहता राहिली मेनिंजायटिसची लस. ती शंभर वर्षांत पार बदलली, त्यामुळे तुलना ताणत नाही. तरी सांगतो, आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनलेली मेनअफ्रिव्हॅक २०१० पासून आफ्रिकेत ३० कोटींहून अधिक लोकांना दिली गेली. मेनिंजायटिस ए हा त्या रोगाचा प्रकार तिथून जवळपास नाहीसा झाला. फ्लूची साथ काही निघाली नाही.

शिबिर रविवारी सकाळी दहाला, क्लब हाउसमध्ये. यादी लिफ्टशेजारी लावली आहे, पेन दोरीला बांधलेलं आहे. काकांचं नाव मी परत लिहिलेलं नाही, ते त्यांनीच लिहायचं.