वय काढणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

भारताच्या १९४९च्या टपाल तिकिटांच्या मालिकेवर मी लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर तोंडून भलतंच गेलं असतं, म्हणून आज लिहितोय.

आधी माझी चूक. त्या मालिकेतल्या १ रुपयाच्या तिकिटावर चितोडगडचा विजयस्तंभ आहे, मी कीर्तिस्तंभ लिहिलं. गडावर दोन्ही आहेत आणि दोन्ही वेगळे. लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

पण पुढे तुम्ही लिहिता, ‘पन्नाशीत तिकिटं चिकटवत बसण्यापेक्षा ती ठिकाणं जाऊन बघा. शाळकरी उद्योग पुरे.’ ही काय बोलायची पद्धत झाली? मत पटलं नाही, तर तसं सांगा. वय कशाला काढता?

आणि ‘चिकटवत’ म्हणजे काय हो? पाकिटाचा कोपरा कापून पाण्यात ठेवायचा, डिंक सुटला की तिकीट टिपकागदावर पालथं घालायचं, वाळलं की चिमट्यानं उचलून स्टॉकबुकात, म्हणजे तिकिटं न चिकटवता ठेवायच्या पट्ट्यांच्या वहीत, सरकवायचं. कडेचा एक दात तुटला तरी दिवसभर चुटपुट लागते. गेल्या तीस वर्षांत मी एकही तिकीट चिकटवलेलं नाही! याच मालिकेतलं १ आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट घ्या. आधी चित्र आरशात दिसावं तसं डावं-उजवं उलटं छापलं गेलं, त्यामुळे पुढे केलेला हात डावा दिसतो. १९५० साली दुरुस्त तिकीट निघालं, त्यात तो उजवा आहे. ही दोन तिकिटं शेजारी ठेवून भिंगातून पाहिली तेव्हा मी नववीत होतो. मूर्ती बघताना आधी हात बघायचे, ही सवय मला तेव्हापासूनची.

‘जाऊन बघा’ म्हणता. गोलघुमट मला पहिल्यांदा ६ आण्याच्या तिकिटानं दाखवला. विजापूरला गेलो तो बारा वर्षांनी, नोकरी लागल्यावर, मुद्दाम. बरोबरचे सगळे घुमणारा आवाज ऐकायला आत धावले. मी बाहेर उन्हात कोपऱ्यातल्या मनोऱ्याचे मजले मोजत उभा. सात भरले. ते तिकीट हाती आलं नसतं तर मीही चार टाळ्या वाजवून परतलो असतो.

फाळणीला जेमतेम दोन वर्षं झाली होती. अशा वेळी, १५ ऑगस्ट १९४९ला, नाशिकच्या छापखान्यातून आलेली ही १६ तिकिटं. ३ पैला अजिंठा, १५ रुपयांना पालिताण्याची जैन मंदिरं, मध्ये सांचीचं तोरण, भुवनेश्वर, गोलघुमट, सुवर्णमंदिर, ताजमहाल. कुठल्या सहलीत हे सगळं एका पानावर मिळतं, ते सांगा.

टपाल खातं हल्ली वारेमाप तिकिटं काढतं, जुन्यांना भाव येत नाही, वगैरे तुमचे बाकीचे मुद्दे मी वाचले. भावाचं म्हणाल तर विकायला जमवणाऱ्यांना विचारा, मी एकही विकलेलं नाही.

पुढचा लेख २ रुपयांच्या लाल किल्ल्याच्या तिकिटावर आहे. त्यातही चूक सापडली तर जरूर कळवा. फक्त माझं वय सोडून बोला.