मनात आणलं की सुटते?

दारू सोडण्यावरच्या एका लेखात लेखक म्हणतात, मनात आणलं की दारू सुटते, दारू सोडणाऱ्यांचे गटबिट सगळे उपदेशाचे अड्डे. मी अकरा वर्षं रोज सकाळी मनात आणायचो, संध्याकाळी विसरायचो.

एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे, एकमेकांना आधार देणारे असेच गट. त्यांची मीटिंग शोधणं सोपं आहे, वेबसाइटवर हेल्पलाइन मिळते. अवघड असतं ते आत जाणं. माझी पहिली मीटिंग एका शाळेच्या वर्गात होती. दोनदा दारापर्यंत गेलो, समोरच्या टपरीवर चहा पिऊन परत आलो. ओळखीचं कुणी भेटलं तर? तिसऱ्यांदा आत शिरलो, तर आमच्याच सोसायटीतले काका बाकं सरकवत होते! "ये, बस," एवढंच म्हणाले. बाहेर त्यांनी आजतागायत हा विषय काढलेला नाही.

फी नाही, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी थैली फिरते, जमेल ते टाकायचं. आणि उपदेश म्हणाल, तर जो तो स्वतःचंच सांगतो. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघेही पिणारे, असेच एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं.

मात्र वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका झटक्यात बंद करू नये. हात थरथरतात, भास होतात, फिट येऊ शकते. आधी डॉक्टर गाठा.

पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे वेगळे गट असतात. आमची ही माझ्या दोन महिने आधीपासून तिकडे जात होती. मला वाटायचं, भजनाला जाते.