‘करिश्माई मंडळींनी एकही अभ्यासक दिला नाही’, म्हणे!

ख्रिस्ती गटांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. थोडक्यात तो असा: पेन्टेकॉस्टल आणि करिश्माई मंडळींनी (पवित्र आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणाऱ्या ख्रिस्ती पंथांनी) आजवर एकही खरा शास्त्राभ्यासक दिला नाही. हे लोक आधी अनुभव घेतात, मग त्याला साजेसं वचन शोधतात. आरोग्य आणि संपत्तीची सुवार्ता, म्हणजे विश्वास ठेवला की देव तब्येत आणि पैसा देतोच, हीच त्यांची खरी शिकवण. कृपादानं (अन्य भाषा, संदेश यांसारखी पवित्र आत्म्याची दानं) तर बायबल पूर्ण झालं तेव्हाच थांबली, हे प्रेषित पौलच सांगतो. आणि त्यांच्यातला एखादा शिकलाच, तर पंथ सोडून जातो.

एवढ्या ठाम विधानांना खोटं पाडायला एक माणूस पुरतो. नव्या कराराचे अभ्यासक गॉर्डन फी यांचं नाव घेतलं की पाचही आरोप अडखळतात.

पहिला आरोप लवकर निकालात निघतो. फी यांचा जन्म 1934 चा, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या अ‍ॅशलंडचा. वडील असेम्ब्लीज ऑफ गॉड या पेन्टेकॉस्टल पंथाचे पाळक, म्हणजे माणूस पेन्टेकॉस्टल घरातच वाढलेला. 1966 साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही नव्या कराराच्या हस्तलिखितांवर. त्यांच्या अभ्यासाच्या केंद्रस्थानी होता ‘पी 66’ हा पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचं हस्तलिखित): योहानाच्या शुभवर्तमानाची, साधारण इ.स. 200 च्या सुमाराची मानली जाणारी प्रत. ती लिहिणारा लेखनिक चुका भरपूर करतो आणि स्वतःच त्या सुधारतोही. अशा शेकडो दुरुस्त्या पानापानांवर आहेत. त्यातली कुठली नुसती हात घसरल्याची आणि कुठली दुसरी प्रत समोर ठेवून केलेली, हे फी यांनी एकेक करून तपासलं. हे काम भावनेच्या भरात होत नाही. पुढे व्हीटन, गॉर्डन-कॉनवेल आणि व्हँकुव्हरचं रीजंट कॉलेज इथे त्यांनी शिकवलं. नव्या कराराच्या एका प्रतिष्ठित टीकाग्रंथमालेचं (भाष्यग्रंथांच्या मालिकेचं) संपादन एफ. एफ. ब्रूस यांच्यानंतर त्यांच्याकडेच आलं. पेन्टेकॉस्टलांना नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक येत नाही म्हणणाऱ्यांनी आधी ती मालिका चाळावी.

‘अनुभव आधी, वचन नंतर’ हा आरोप मात्र गंभीर आहे. काही मंडळींत तसं घडतंही, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण फी यांनी या बाबतीत काय केलं ते पाहण्यासारखं आहे. त्यांच्या पंथाची अधिकृत शिकवण अशी, की पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा तारणानंतर स्वतंत्रपणे होतो आणि त्याची पहिली दृश्य खूण म्हणजे अन्य भाषा, म्हणजे न शिकलेल्या भाषा, बोलणं. आधार लूकने लिहिलेल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा: पेन्टेकॉस्टचा दिवस, कर्नेल्याचं घर, इफिस, या तिन्ही प्रसंगी लोक अन्य भाषा बोलले. फी यांनी 1970 च्या दशकातच विचारलं, की लूकने एखादी गोष्ट घडली असं सांगितलं म्हणून ती तशीच सगळ्यांच्या बाबतीत घडली पाहिजे, हा नियम कुठून आला? लेखकाला तसा नियम घालायचा होता हे दाखवता आलं, तरच तो नियम. त्याच पुस्तकात शोमरोनातल्या विश्वासणाऱ्यांना आत्मा मिळाला तेव्हा अन्य भाषांचा उल्लेखसुद्धा नाही.

म्हणजे ज्याला स्वतःला हा अनुभव होता, त्यानेच त्यामागच्या युक्तिवादातली कच्ची जागा दाखवली. अनुभव खोटा, असं ते कधी म्हणाले नाहीत. अनुभव खरा, पण त्यावर उभी केलेली मांडणी वचनाला पेलत नाही, असं त्यांचं म्हणणं. यावर उत्तरही आलं ते पेन्टेकॉस्टल अभ्यासकांकडूनच. रॉजर स्ट्रॉनस्टॅड यांनी 1984 साली आणि पुढे रॉबर्ट मेन्झीज यांनी दाखवायचा प्रयत्न केला, की लूक नुसता इतिहास सांगत नाही, कथेतून शिकवतोही; त्याला पौलाच्या मापाने मोजू नका. या एका बाबतीत मला त्यांची बाजू फी यांच्यापेक्षा वजनदार वाटते. पण वाद कसा चालला ते पाहा: लेखकाचा हेतू, कथनाची रचना, जुन्या कराराचे संदर्भ. ‘मला दर्शन झालं’ हा पुरावा यात कुणीच पुढे केलेला नाही.

आरोग्य-संपत्तीच्या सुवार्तेबद्दल फार लिहायला नको, कारण तिच्यावरचा घणाघाती हल्लाही फी यांचाच. 1979 साली त्यांनी छोटी पुस्तिका काढली आणि शीर्षकातच या शिकवणीला रोग म्हटलं. योहानाच्या तिसऱ्या पत्राच्या सुरुवातीला गायसाला ‘सर्व बाबतीत तुझं बरं असो, तुला आरोग्य लाभो’ अशी शुभेच्छा आहे. समृद्धीवाल्यांचं हे हक्काचं वचन. फी यांनी एवढंच लक्षात आणून दिलं, की त्या काळच्या खासगी पत्रांत अशी शुभेच्छा प्रथेनेच लिहिली जाई. पत्राच्या मायन्याखालच्या ‘आपण कुशल असाल’ या ओळीवरून देवाचं अभिवचन काढण्यासारखाच हा प्रकार.

चौथा आरोप पहिल्या करिंथच्या (पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या) 13 व्या अध्यायावर उभा आहे: ‘जे पूर्ण ते आलं’ म्हणजे नवा करार पूर्ण झाला, म्हणून अन्य भाषा आणि संदेश संपले. फी यांचा आक्षेप अगदी साधा होता. पौलाला आणि त्याचं पत्र ऐकणाऱ्या करिंथकरांना 27 पुस्तकांच्या नव्या कराराची कल्पना असणं शक्य नव्हतं. जो अर्थ मूळ लेखकाच्या आणि वाचकांच्या मनात येऊच शकत नाही, तो वचनाचा अर्थ नव्हे. त्यातून पुढच्याच वचनांत ‘तोंडोतोंड पाहणं’ आणि पूर्ण ओळखणं आहे. नवा करार हातात असूनही आपण असं पाहतो, असा दावा कोण करील? पौल बोलतोय तो ख्रिस्ताच्या पुनरागमनाबद्दल. 1994 साली आलेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथात पौलाच्या पत्रांतला पवित्र आत्म्याचा प्रत्येक उल्लेख तपासलेला आहे, पानं नऊशेहून जास्त. इतकं वाचायला वेळ नसेल, तर निदान 14 वा अध्याय वाचावा. तिथे पौल अन्य भाषांना मनाई करू नका म्हणतो आणि त्याच दमात दोघांनी, फार तर तिघांनीच, पाळीपाळीने बोलावं आणि कुणी अर्थ सांगावा, अशी शिस्तही लावतो. हा दुसरा भाग मात्र काही करिश्माई सभांनी जरूर मोठ्याने वाचावा.

पंथ सोडण्याबद्दल: फी यांनी असेम्ब्लीज ऑफ गॉड सोडलं नाही. 2022 साली ते वारले, तोवर त्यांची ओळख पेन्टेकॉस्टल हीच होती. कारकिर्दीतला बराचसा काळ त्यांनी पंथाबाहेरच्या संस्थांत शिकवलं हे खरं, आणि जुन्या पेन्टेकॉस्टल वर्तुळात शिकलेल्यांबद्दल संशय होता हेही खरं.

फी यांच्यावर आक्षेप घ्यायचाच असेल, तर त्याला योग्य जागा वेगळी आहे. पहिल्या करिंथवरच्या 1987 च्या टीकाग्रंथात त्यांनी 14:34-35, म्हणजे स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं ही वचनं, पौलाची नसून मागाहून घातलेली आहेत असा निष्कर्ष काढला. काही हस्तलिखितांत ती 40 व्या वचनानंतर येतात, हा त्यांचा मुख्य आधार. पण ती जागा बदललेली असली, तरी ती अजिबात नाहीत असं एकही हस्तलिखित आपल्याकडे नाही. त्यामुळे इथे मी त्यांच्याबरोबर जात नाही.