टूल बॅग घेताना आधी ती उलटी करून पाहा

आयटीआय झालं, बुटीबोरी नाहीतर हिंगणा एमआयडीसीत अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागले, की पोट्टे नागपूरच्या बर्डीवर नाहीतर इतवारीच्या बाजारात जाऊन टूल बॅग घेतात. घेताना खिसे मोजतात. दुकानदारही तेच दाखवतो, "भाऊ, बत्तीस खिसे आहेत याला." पहिल्या पावसाळ्यात बत्तीसही खिसे शाबूत असतात, फक्त हँडल हातात येतं आणि बॅग खाली राहते.

इलेक्ट्रिशियनच्या पोराला आठ-दहा खिसे पुष्कळ झाले. बाकीच्यांत टेस्टर हरवतो.

तर आधी बॅग उलटी करा आणि तळ बघा. हँडलची नवारपट्टी एका बाजूने खाली येऊन, तळाखालून फिरून, दुसऱ्या बाजूने वर गेलेली असली तर सगळं वजन पट्टीवर बसतं. स्वस्त बॅगेत तीच पट्टी वरच्या काठाला इंच-दीड इंच शिवून सोडलेली असते, म्हणजे सहा-सात किलो लोखंड तेवढ्या टाक्यांवर लटकतं. जोडाजवळ शिलाईचा चौकोन आणि त्यात फुली हवी. नुसता एक आडवा टाका असेल तर ती बॅग परत खुंटीला टांगा. रिबिट पाहून खूश होऊ नका. आतल्या बाजूने वॉशर नसेल तर रिबिट कापडाला भोक पाडून तिथूनच बाहेर येते.

याची परीक्षा दुकानातच होते. दीड स्क्वेअर एमएम वायरचं 90 मीटरचं बंडल दोन किलोच्या आसपास भरतं. इलेक्ट्रिकचं दुकान असेल तर अशी चार बंडलं बॅगेत टाका आणि एकाच हँडलने उचलून दोन हलके झटके द्या. जोडापाशी कापड चुण्या पडून ताणलं गेलं, टाक्यांची भोकं रुंद दिसायला लागली, तर सहा महिन्यांनी काय होणार ते तिथेच दिसलं. दुकानदार नाही म्हणाला तर त्याच्या नाही म्हणण्यातूनही बरंच कळतं.

लेबलवर 600 डी, 1680 डी असं छापलेलं असतं. हे डेनियर, म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, इतकंच. वीण घट्ट आहे का, मागचा लेप कसला आहे, हे त्यात येत नाही. रोजच्या कामाला 600 पातळ पडतं, 1680 बरं. पण 1680 चं कापड कच्च्या शिलाईवर घेण्यापेक्षा साधं जाड कॅनव्हास पक्क्या शिलाईवर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आतला लेप कोपऱ्याशी दुमडून नखाने घासून बघा. पांढरी रेघ उमटली किंवा भुकटी निघाली तर नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, बॅग गाडीवर उन्हात तापते, असला लेप आधी कडक होतो आणि मग पापुद्रे सुटतात. ते पापुद्रे पक्कडीच्या सांध्यात जाऊन बसतात.

तळ कडक प्लॅस्टिकचा ओतीव असेल तर उत्तम. बहुतेक बॅगांत तळाला पुठ्ठा असतो आणि ओल्या स्लॅबवर दोनदा ठेवली की त्याचा लगदा होतो. अशी बॅग घेतलीच असेल तर पुठ्ठा काढून 6 एमएम प्लायचा तुकडा मापाने कापून टाका, कोपरे गोल घासून.

मापाचं म्हणाल तर 16 इंची. मोठी घेतली की ती भरतेच, कारण रिकामी जागा पाहून सिनियरही आपला ड्रिल त्यात टाकतो. अडचण एकच: 12 इंची पात्याची हॅक्सॉ (लोखंड कापायची करवत) फ्रेम मुठीसकट 16 इंचांत आडवी मावत नाही. फ्रेम कमी-जास्त होणारी असेल तर पातं काढून आखडून ठेवा, नाहीतर छोटी हॅक्सॉ बाळगा.

पात्याचं मुद्दाम सांगतो. उघडं पातं बॅगेत पक्कडीशेजारी पडलं की गाडीच्या हादऱ्यांनी ते पक्कडीच्या मुठीवरचं आवरण कातरत राहतं. मुठीवर दोन त्रिकोणांची खूण आणि 1000 V, म्हणजे हजार व्होल्टपर्यंत चालणारं आवरण, असं छापलेलं असलं तरी चीर गेलेल्या आवरणाचा भरवसा संपला. चीर केसाएवढी असते, हात पुसून बोट फिरवलं तरच लागते. पातं जुन्या केसिंग पट्टीच्या (वायर झाकायची प्लॅस्टिकची पट्टी) तुकड्यात सरकवून ठेवा, छिन्नीच्या तोंडालाही तसंच काहीतरी टोपण करा.

चेनचा नंबर बहुतेक वेळा रनरच्या, म्हणजे ओढून चेन लावतो त्या सरकत्या तुकड्याच्या, मागे कोरलेला असतो. 5 नंबर दप्तराला ठीक, इथे 8 किंवा 10 हवा. चेन उघडी पडायला लागली की लोक दात गेले म्हणतात. झिजलेला असतो तो रनर. त्याच्या दोन्ही कडा पक्कडीने अगदी हलक्या दाबल्या की काही महिने निघतात, जोर केला तर रनर तुटतो. सिमेंटची धूळ बसली तर सुक्या ब्रशने झटकून मेणबत्ती घासा. तेल घालू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते.

बुटीबोरीपर्यंत रोज गाडीवर जाणाऱ्यांनी खांद्याचा पट्टा काढून बॅगेत ठेवावा. लोंबता पट्टा मागच्या चाकात जातो. बॅग हँडलबारला लटकवणं तर नकोच, वळताना गाडी एका अंगाला ओढते. शिडीवरही बॅग खांद्याला घेऊन चढू नका, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्या.

पावसात भिजली तर रात्री सगळी हत्यारं बाहेर काढून पुसा, सांध्यांत मशीन ऑइलचा एकेक थेंब, आणि बॅग उलटी टांगा. ओल्या कॅनव्हासमध्ये बंद राहिलेल्या पक्कडीवर दोन दिवसांत तांबूस डाग दिसतात. मल्टिमीटरमधला सेल उन्हाळ्यात फुटतो, सुट्टीवर जाताना काढून ठेवा.

बजेटचं: 2019 च्या नियमांनी आयटीआय पास अ‍ॅप्रेंटिसचा किमान स्टायपेंड महिन्याला 7,000 रुपये ठरला होता. त्या हिशेबाने पैसे आधी चांगल्या पक्कडीत आणि टेस्टरमध्ये घाला. साधी बॅग सीट कव्हर शिवणाऱ्याकडून पक्की करून घेता येते. 38 एमएमची अडीच मीटर नवारपट्टी द्या, दोन्ही बाजूंनी तळाखालून फिरवायला सांगा, धागा नायलॉनचा. त्याच्याकडच्या धाग्याचं टोक काडीने पेटवून बघा: वितळून गोळी झाली तर शिवू द्या, राख झाली तर तो सुती आहे, पावसात कुजेल.