तबकड्यांना म्हणे भाव आला

ग्रामोफोन रेकॉर्डची पुन्हा चलती झाल्यापासून आमच्या वर्धा जिल्ह्यातील गावी दर दिवाळीला शहरातला एखादा पाहुणा माझे कपाट उघडतो आणि तबकडी काठांनी धरण्याऐवजी खाचांवरच बोटे टेकवून "काका, हिचे किती येतील?" असे विचारतो. इतकी वर्षे हीच अडगळ होती! एकाने तर मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी, जिच्या रुंद खाचेला जाड सुई लागते, एलपीच्या (नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीच्या) बारीक सुईखाली वाजवली आणि त्या खरखरीलाच जुना गोडवा म्हटले. दुसऱ्याने उसनी नेलेली एलपी मे महिन्यात, ४५ अंशांच्या उन्हात, मोटारीच्या काचेशी ठेवली. कुरडईसारखी वाकलेली ती परत करताना तो म्हणाला, "भिंतीवर शोभेल."